वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवणारी संस्था पुण्यात कशी उभी करावी

साक्षरतेसाठी संस्था काढायची ठरले की बहुतेकांची पहिली धाव सीएकडे असते. ट्रस्ट की कंपनी, नाव काय, बोधचिन्ह कसे, यात सहा महिने जातात आणि तोवर एकाही मुलाला एक ओळ वाचता आलेली नसते. आमचा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी एका वस्तीत चाळीस मुलांचे दोन वर्ग चालवा, मग नोंदणीला लागा. वर्ग चालवताना विश्वस्त म्हणून कोण उपयोगाचे, पैसा नेमका कुठे जातो, उद्दिष्टांत काय लिहायला हवे, हे सगळे कळते. फक्त एक पथ्य पाळा: नोंदणी होईपर्यंत स्वतःच्या खात्यावर लोकांकडून देणग्या घेऊ नका. पहिल्या काही महिन्यांचा खर्च संस्थापकांनी उचलावा, किंवा आधीच नोंदलेल्या एखाद्या विश्वासू ट्रस्टच्या छत्राखाली, लेखी करार करून काम सुरू करावे.

काम अरुंद ठेवा

‘शहरी मुलांची साक्षरता’ हा विषय एवढा मोठा आहे की त्यात बालवाडीपासून दहावीच्या शिकवणीपर्यंत सगळे बसते. नव्या संस्थेने एकच गट घ्यावा: तिसरी ते पाचवीतली, शाळेत नाव असलेली, पण दुसरीच्या पातळीची सोपी गोष्ट वाचू न शकणारी मुले. पहिली-दुसरीत शाळेत अक्षरओळख चालूच असते, तिथे आपण घाई करू नये. सहावीनंतर मूल लाजते, मुलींच्या अंगावर घरकाम पडते, आणि इतिहास-विज्ञानाची पुस्तके इतकी पुढे गेलेली असतात की वाचन शिकण्याचे निमित्तच उरत नाही. ही मधली तीन वर्षे हातची जाऊ देऊ नयेत.

केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे लक्ष्य. तुमचे काम या लक्ष्याला पूरक आहे, असे महापालिकेकडे आणि देणगीदारांकडे सरळ सांगा. आकडेवारी मात्र जपून वापरा. मुलांना कितपत वाचता येते हे तपासणारे ‘असर’ हे सर्वेक्षण २००५ पासून होत आले आहे, पण ते ग्रामीण भागाचे आहे. त्यातला टक्का उचलून पुण्याच्या वस्तीवर चिकटवला की जाणकार माणूस पहिल्याच पानावर प्रस्ताव बाजूला ठेवतो. आपल्या वस्तीचा आकडा आपणच काढायचा असतो, आणि तो आठवडाभरात काढता येतो.

माध्यमाचा प्रश्न आधीच सोडवा. घरी मराठी बोलणारे मूल इंग्रजी शाळेत जात असले, तरी वाचन मराठीतून आधी शिकवावे. बोलता येणाऱ्या भाषेत वाचन लवकर येते आणि एकदा आलेले वाचन दुसऱ्या लिपीत नेणे सोपे जाते. पालकांना हे पटायला वेळ लागतो. म्हणून शनिवारी एक तास इंग्रजीचा ठेवा, नाहीतर दोन महिन्यांत मुले शेजारच्या शिकवणीला जातील. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी उर्दू वाचणारी शिक्षिका मिळाली तरच वर्ग काढा. ‘तीही मुले येऊन बसतील’ असे म्हणून त्यांना मराठी वर्गात कोंबणे अन्यायाचे आहे.

वस्ती निवडताना

जनता वसाहत, ताडीवाला रोड, कासेवाडी, लोहियानगर, रामटेकडी, अप्पर इंदिरानगर, येरवडा: प्रत्येक ठिकाणी गरज सापडेल. निवड मात्र तीन गोष्टींवर करा: तिथे दुसऱ्या संस्थेचा वर्ग आहे का, संध्याकाळी वापरता येईल अशी जागा आहे का, आणि वर्ग घेऊ शकेल अशी बाई त्याच वस्तीत राहते का. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन असूनही उपयोग नाही. बांधकामाच्या साइटवरची मुले हे वेगळेच काम आहे. कुटुंबे काही महिन्यांत दुसऱ्या साइटवर जातात. डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था हे काम पुण्यात अनेक दशके करत आहे. तिथे जायचे असेल तर आधी त्यांच्याकडून शिका.

माहिती काढायला सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन दारोदार फिरू नका. लोकांना ते घरकुलाचे किंवा झोपडी पाडण्याचे सर्वेक्षण वाटते. अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या महिला, कचरा वेचणाऱ्या ताई, किराणा दुकानदार आणि गणेश मंडळाचे कार्यकर्ते, एवढ्यांशी संध्याकाळी निवांत बोललात की वस्ती कळते. नगरसेवकांना आणि स्थानिक पुढाऱ्यांना भेटा, सगळ्या पक्षांच्या भेटा, आणि कोणाचाही फलक वर्गावर लावू देऊ नका. एकदा लागला की निवडणुकीच्या वर्षी निम्मी घरे मुले पाठवणे थांबवतात.

कोणाला काय वाचता येते ते आधी पाहा

चाचणीसाठी छापील संच महागडा नसतो. असरने वापरलेली पद्धत साधी आणि भक्कम आहे: अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून करायची. अडखळत का होईना, पण वाक्य वाक्यासारखे वाचले आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत, तर गोष्ट द्यायची. उतारा जमला नाही तर शब्दांवर यायचे: मुलाने निवडलेल्या पाचांपैकी चार शब्द बरोबर हवेत. तेही जमले नाही तर अक्षरे, तिथेही पाचांत चार. मूल ज्या पायरीवर आरामात वाचते ती त्याची पातळी.

ही चाचणी बिघडते ती नेहमीच्याच चार कारणांनी. मुले रांगेत उभी राहून ऐकतात आणि पाचव्या मुलापर्यंत उतारा तोंडपाठ झालेला असतो. म्हणून चार वेगळे संच करा आणि एका वेळी एकच मूल, बाकीच्यांपासून दूर, बसवा. दुसरे, चाचणी घेणारी व्यक्ती पहिले अक्षर सुचवते. शांत राहणे हे इथले कौशल्य आहे, तीन-चार श्वास थांबा. तिसरे, बालभारतीतला धडा दिला जातो आणि मूल चित्र पाहून तो म्हणून दाखवते. मजकूर नवाच हवा. चौथे, ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचला की चूक धरली जाते. घरी जे मूल ‘पानी’ म्हणते त्याने अक्षर ओळखले आहे, अर्थही लावला आहे. ही चूक धरू नका, नाहीतर बंजारा, वडार किंवा हिंदी बोलणारी निम्मी मुले विनाकारण खालच्या गटात जातील.

निपुण भारतमध्ये तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द हा वेग धरला आहे. तो वर्षअखेरीस जरूर पाहा, पण पहिल्या दिवशी मुलांसमोर घड्याळ काढू नका. शिवाय मराठीत ‘शाळेतल्यासारखे’ हाही एकच शब्द असतो. वेग मोजताना सगळ्या मुलांना सारखाच मजकूर द्या, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

जागा आणि वेळ

समाजमंदिर, बुद्धविहार, मंडळाची खोली, बचत गटाचे कार्यालय, यांपैकी एखादी जागा बहुतेक वस्त्यांत मिळते. दहा बाय बाराच्या खोलीत सतरंजीवर पंधरा मुले नीट बसतात, अठरा दाटीने, पंचवीस मुळीच नाही. दोन खिडक्या, एक पंखा, चांगला दिवा, पाच मिनिटांच्या अंतरावर स्वच्छतागृह, आणि रस्त्यावरून आतले दिसेल असे दार, एवढे पाहून घ्या. मंडळाची खोली घेणार असाल तर आधीच समजून चाला की गणपतीचे दहा दिवस आणि त्याआधीचे दोन-तीन आठवडे ती तुमची नाही. त्या काळाची दुसरी जागा जूनमध्येच ठरवून ठेवा.

महापालिकेच्या शाळेतली खोली सगळ्यात चांगली, पण तिला परवानगी लागते. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही. महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. अर्जात काय काम, कोणती मुले, कोणत्या वेळी, कोण शिकवणार आणि किती काळ, एवढे एका पानात लिहा. शाळेकडून पैसा, शिक्षक किंवा साहित्य मागत नाही, हे स्पष्ट लिहिले की अर्ज लवकर हलतो. पोच घ्यायला विसरू नका.

शाळेच्या अनेक इमारतींत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रे भरतात. दुपारच्या सत्राची मुले संध्याकाळी घरी येऊन काहीतरी खाऊन साडेसहाला बसू शकतात. सकाळच्या सत्राच्या मुलांना दुपारी तीनची वेळ बरी. दोन वर्ग असे विभागले तर एकच खोली पुरते. वस्तीत नळाला पाणी कधी येते हे मात्र विचारून वेळ ठरवा. पाण्याच्या वेळेला वर्ग ठेवला तर मुली येत नाहीत, आणि शिक्षिका महिनाभर कारण शोधत राहते. धाकट्या भावंडाला घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवू नका. कोपऱ्यात एक चटई, चित्रांची दोन पुस्तके आणि ठोकळे ठेवले की ते भावंड बसते.

ताई

सगळ्या संस्थेचा भार वर्ग घेणाऱ्या ताईवर असतो. बारावी झालेली, त्याच वस्तीत किंवा शेजारी राहणारी, रोज दोन-अडीच तास देऊ शकणारी. निवड मुलाखतीने करू नका. तिला एक गोष्टीचे पुस्तक द्या, पाच मुले समोर बसवा आणि ऐकत राहा. मुलांकडे बघून वाचते का, मूल मध्ये बोलले तर थांबते का, आवाज चढवते का, हे पंधरा मिनिटांत कळते. डीएड नसले तरी चालते, मूल चुकल्यावर हसणारी मात्र नको.

वर्ग सुरू होण्याआधी सहा दिवसांचे प्रशिक्षण द्या आणि नंतर दर शनिवारी अर्धा दिवस. एकदाच दहा दिवसांचे शिबिर घेऊन वर्षभर सोडून देण्याची पद्धत मोडीत काढावी. ताईंचे खरे प्रश्न तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतात. समन्वयकाने प्रत्येक वर्गात आठवड्यातून एकदा पूर्ण वेळ बसावे, आणि निघण्याआधी ताईशी दोन गोष्टी बोलाव्यात: आज काय छान झाले आणि उद्या काय बदलू या. एका पूर्णवेळ समन्वयकाकडे सहा ते आठ वर्ग, त्याहून जास्त नकोत.

मानधन दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, बँक खात्यात. देणगी आली नाही म्हणून ताईंचे पैसे थांबवणारी संस्था चांगल्या ताई गमावते. महाविद्यालयीन आणि आयटीतले स्वयंसेवक पुण्यात पुष्कळ मिळतात आणि मनापासून येतात, पण रोजचा वर्ग त्यांच्यावर उभारू नका. परीक्षा, प्रोजेक्ट, बदली, काहीतरी निघते. त्यांना चाचण्या, पुस्तकांना कव्हरे, हिशोबाच्या नोंदी, शनिवारचे गोष्टवाचन, अशी मुदतीची कामे द्या.

रोजचा दीड तास

वर्ग इयत्तेप्रमाणे बसवायचा नाही, पातळीप्रमाणे बसवायचा. ‘अजून अक्षरे पक्की नाहीत’, ‘शब्द वाचतो’ आणि ‘उतारा वाचतो’ असे तीन गट. पाचवीतला मोठा मुलगा आणि तिसरीतली मुलगी एका गटात आल्यावर मोठ्याला कमीपणा वाटतो, म्हणून गटांना पातळीची नावे न देता झाडांची किंवा पक्ष्यांची द्या, आणि मुले पुढे सरकली की त्याच आठवड्यात गट बदला.

नव्वद मिनिटे साधारण अशी वाटा: दहा मिनिटे गप्पा, पंधरा मिनिटे ताईचे प्रकट वाचन, पंचवीस मिनिटे गटातले अक्षर-शब्दांचे काम, पंधरा मिनिटे लेखन, पंधरा मिनिटे मुलांचे स्वतःचे किंवा जोडीने वाचन, शेवटची दहा मिनिटे खेळ आणि पुस्तक देवघेव. उशीर झाला की ताई प्रकट वाचन गाळते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. ते गाळू द्यायचे नाही. ज्या घरात पुस्तक नाही, त्या मुलाला पुस्तकातली भाषा कानावर पडण्याची ही एकच वेळ.

अक्षरांचे काम जरा खोलात पाहू, कारण बहुतेक वर्ग इथेच अडतात. ‘क कमळाचा, ख खटाऱ्याचा’ आणि बाराखडी मुले सुरात म्हणतात. मधल्याच ‘ठे’वर बोट ठेवले तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागतात. चाल पाठ झालेली असते, अक्षर ओळखीचे नसते. त्याऐवजी अक्षरगट घ्या: पाच अक्षरे आणि एकच स्वरचिन्ह. उदाहरणार्थ क, म, ल, र, न आणि काना. एवढ्यातून कान, नाक, काम, लाल, मामा, काका, कमल, कमान असे कितीतरी शब्द तयार होतात, आणि पहिल्याच आठवड्यात मूल ‘काका, काम करा’ हे पूर्ण वाक्य वाचते. वाचलेल्याला अर्थ असतो हे त्याला त्या क्षणी कळते. त्याच दिवशी ते वाक्य त्याला वहीत लिहू द्या आणि घरी वाचून दाखवायला सांगा.

दुसरा गट प, त, स, ण, ब आणि दुसरी वेलांटी. दुसरी वेलांटी आधी घ्यायची, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी ती सतत येते (पाणी, राणी, माती) आणि लिहिली जाते त्याच क्रमाने उच्चारली जाते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हा उलटा प्रकार ती पक्की झाल्यावर. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. दोन्हींत निदान तीन आठवड्यांचे अंतर ठेवा. एक पक्के असले की दुसऱ्याचा गोंधळ होत नाही. रफार सगळ्यात शेवटी.

जोडाक्षरांसाठी मुलांच्या तोंडातलेच शब्द घ्या: दप्तर, बिस्किट, रिक्षा, डॉक्टर, स्वारगेट. पीएमपीच्या बसच्या पाट्या हे तर फुकट मिळालेले पाठ्यपुस्तक आहे. ‘हडपसर’ पाच अक्षरांचा शब्द, एकही काना-मात्रा नाही, अक्षरगटातली अक्षरे झाली की मूल तो रस्त्यावर वाचते. ‘मनपा’ला एकच काना. ‘कात्रज’ आला की त्र शिकवायचे निमित्त मिळते. या पाट्या जाड कागदावर लिहून भिंतीला लावा आणि रोज तीन मुलांना वाचायला सांगा.

लेखनात शुद्धलेखन तपासत बसू नका. मूल स्वतःच्या मनचे एक वाक्य लिहील तो दिवस मोठा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने खोडल्या की ते पुन्हा फळ्यावरून उतरवायला लागते, आणि फळ्यावरून उतरवणे म्हणजे लेखन येणे, हा गैरसमज शाळेतून आलेला आहेच.

पुस्तके

चाळीस मुलांना दीडशे पुस्तके हवीत. त्यातली निम्म्याहून अधिक एका पानावर एक-दोन ओळी असलेली असावीत. देणगीत येणारी जुनी पुस्तके बहुधा मोठ्या मुलांची किंवा बोधकथांची असतात. ती नम्रपणे नाकारा, कपाट भरते आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी बालपुस्तके स्वस्त आणि देखणी आहेत. अप्पा बळवंत चौकात एकगठ्ठा घेतली तर सवलत मिळते, मागायला संकोच करू नका. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची पुस्तके मुक्त परवान्याची आहेत; डाउनलोड करून, लेखक-चित्रकाराचे नाव ठेवून छापता येतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते; चांगली वाचणाऱ्या गटासाठी त्याचे जुने अंक ठेवा.

पुस्तक घरी जायलाच हवे. वहीत मुलाचे नाव, पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख, एवढी नोंद पुरे, आणि ती मुलांनीच करावी. वर्षाला पाचातले एक पुस्तक फाटणार किंवा हरवणार असे धरूनच खर्च मांडा. दंड घेऊ नका. पाच रुपये दंडाच्या भीतीने मूल पुस्तक नेणे बंद करते.

मुलांची सुरक्षितता

पहिल्या दिवसापासून नियम लेखी हवेत. प्रत्येक ताई, समन्वयक आणि स्वयंसेवकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. मुलांबरोबर कोणतीही मोठी व्यक्ती बंद दाराआड एकटी नाही. मारणे, टोमणे, जातीवरून बोलणे यांना एकदाही माफी नाही. मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ‘आधी संस्थेत बसून मिटवू’ हा मार्ग कायद्यात नाही. ताईंना १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ हवा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नका. ‘हिला वाचता येत नव्हते’ अशा ओळीखाली तर संमती असली तरी नको.

आता नोंदणी

वर्ग तीन-चार महिने चालला की अर्जाला लागा. याहून उशीर करण्यातही तोटा आहे, तो पुढे येतो.

तीन वाटा आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी, जिला किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात जिची न्यास म्हणूनही नोंद करावी लागते. किंवा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी, जी दोन संचालकांवरही होते पण जिची दरवर्षीची कागदपत्रे जास्त. पुण्यापुरत्या छोट्या कामाला सार्वजनिक न्यास पुरेसा आहे. त्याचे काम ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय कार्यालयात चालते. तीन-चार महिने धरून चला.

विश्वस्त पाच किंवा सात घ्या: एक हिशोब जाणणारा, एक प्राथमिक शिक्षणात काम केलेला, एक वकील, आणि एक तरी त्या वस्तीतली व्यक्ती. नवरा-बायको-भाऊ असा न्यास केला तर पुढे प्राप्तिकर खाते आणि देणगीदार दोघेही शंकेने पाहतात. न्यासपत्रात उद्दिष्टे मराठी आणि इंग्रजी दोन्हींत सारखी लिहा. लाभ एका जातीपुरता किंवा धर्मापुरता ठेवू नका, त्याने ८०जीला, म्हणजे देणगीदाराला करवजावट मिळवून देणाऱ्या नोंदणीला, अडचण येते. कार्यक्षेत्र फक्त एका वस्तीचे नको. न्यास विसर्जित झाला तर मालमत्ता समान उद्दिष्टांच्या दुसऱ्या न्यासाकडे जाईल, हे कलम हवेच. ते नसेल तर पुढे शंका काढली जाते आणि न्यासपत्र दुरुस्त करण्यात महिने जातात.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा. हे राहून गेल्याने अडकलेल्या संस्था पुण्यात पैशाला पासरी सापडतील: जुने विश्वस्त सोडून गेलेले, नव्यांची नोंद नाही, आणि बँक सही बदलून देत नाही. बँकेत दोन सह्यांचे खाते ठेवा, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत.

मग पॅन, टॅन (करकपातीसाठीचा क्रमांक), नीती आयोगाच्या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दर्पण संकेतस्थळावरची नोंद, आणि प्राप्तिकराच्या दोन नोंदण्या, ज्यांना सगळे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट देणारी) आणि ८०जी म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएकडून चालू क्रमांकच घ्या. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, पण काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांत नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ‘तीन वर्षे आहेत की’ म्हणून ही मुदत चुकवणाऱ्या संस्था फार. तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

पैसा

दोन वर्ग, चाळीस मुले, बारा महिने यांचा नमुना हिशोब. दर आपल्या वस्तीप्रमाणे बदला.

दोन ताईंचे मानधन, महिना ८,००० प्रमाणे: १,९२,०००
अर्धवेळ समन्वयक, महिना १५,०००: १,८०,०००
जागा व वीज, महिना २,५००: ३०,०००
पुस्तके, १५० × ६०: ९,०००
पाट्या, वह्या, कार्डे, मुलामागे ४००: १६,०००
प्रशिक्षण व प्रवास: १८,०००
नोंदणी, सीए, लेखापरीक्षण: ३५,०००
अडीनडीला: २४,०००
एकूण: ५,०४,००० रुपये, म्हणजे मुलामागे १२,६००.

हा आकडा पाहून समन्वयकाचा खर्च कापण्याचा मोह होतो. तो कापला की वर्गाला भेट देणारे कोणी उरत नाही, आणि चार महिन्यांत वर्गाची शिकवणी होते: शाळेचा गृहपाठ पुरा करून घेणे, बस. वर्ग सहा झाले की मुलामागचा खर्च आपोआप उतरतो.

पाच लाख चार हजार म्हणजे महिना १,००० रुपये देणारी ४२ माणसे. पहिल्या वर्षी एवढेच ध्येय ठेवा: सोसायटीतले शेजारी, शाळेचे माजी विद्यार्थी, कार्यालयातले सहकारी, ज्येष्ठ नागरिक संघ. करसवलतीवर भर देऊ नका. नव्या करप्रणालीत असणाऱ्याला ८०जीची वजावट मिळत नाही, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती कोणालाच मिळत नाही. दर तीन महिन्यांनी एक पान पाठवा: किती मुले, किती हजेरी, कोण कुठल्या पातळीवर, किती खर्च.

कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीची, आशा पहिल्या तीन वर्षांत सोडा. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के त्यावर खर्च करायचे असतात हे खरे, पण कंपनीबाहेरच्या संस्थेला ते पैसे घ्यायला १२ए, ८०जी, सीएसआर-१ ची (हा निधी घेऊ शकणाऱ्या संस्थांची) नोंद आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नोंदणी फार लांबवू नका असे म्हटले ते यासाठी. त्या तीन वर्षांतले हजेरीपट, चाचण्यांचे तक्ते आणि लेखापरीक्षण झालेले हिशोब जपून ठेवा, तोच तुमचा प्रस्ताव असेल.

पुण्यात जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी अमेरिकेत असते, आणि पैसे पाठवतो म्हणते. त्यांचे पारपत्र भारतीय असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम परकीय देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. पारपत्राची प्रत फाइलला लावा.

मोजणी, आणि मे महिना

चाचणी तीनदा: जुलैत, दिवाळीच्या सुट्टीआधी, मार्चमध्ये. शेवटची चाचणी वर्गाच्या ताईने घेऊ नये. दुसऱ्या वर्गाच्या ताईने किंवा स्वयंसेवकाने घ्यावी. अहवालात जुलैतली सगळी मुले धरा. सोडून गेलेली वगळून ‘नव्वद टक्के मुले वाचू लागली’ असे लिहिणे म्हणजे देणगीदाराची आणि स्वतःचीही फसवणूक. चाळीसांपैकी सहा गेली, दोन गावाला, चार कंटाळून, असे लिहा. त्या चार घरी जाऊन कारण विचारा. उत्तर बहुतेकदा वर्गाच्या वेळेत किंवा ताईच्या आवाजात सापडते.

गोष्ट वाचू लागलेल्या मुलाला वर्गातून मोकळे करा, पण वाचनालयातून करू नका. आठवड्यातून दोनदा पुस्तक बदलायला त्याने वर्षभर यावे. नुकतेच आलेले वाचन मे महिन्यात सगळ्यात जास्त निसटते: वस्तीतली निम्मी घरे गावाला जातात, जूनच्या मध्याला मूल परत येते तेव्हा शब्दांवर अडखळत असते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाच्या पिशवीत तीन पुस्तके आणि एक कोरी वही घाला, ताईचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि आठवड्यातून एकदा फोनवर एक पान वाचून दाखवायला सांगा. जी घरे पुण्यातच राहतात त्यांच्यासाठी सकाळी आठ ते साडेनऊ वर्ग चालू ठेवा. दुपारी पत्र्याखाली कोणी बसू शकत नाही. जूनमध्ये पुन्हा चाचणी घेऊन मगच नवे गट पाडा, मार्चच्या तक्त्यावरून पाडू नका.